पुलाखालची हिरी

पौषातल्या एका सकाळी सुकरीची मुलगी हिरी लाकडं आणायला म्हणून पाड्यावरून खाली उतरली, ती परत आली नाही.

सुकरी तेव्हा पस्तिशीची असेल. आपलं वय तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी मोजलं नव्हतं. अंगानं बारीक, पण हाडानं चिवट. भाताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढताना तिला कुणी मध्ये थांबलेलं पाहिलं नव्हतं. नवरा पोश्या, सोळा वर्षांची हिरी आणि तिच्या पाठच्या दोन मुली, एवढा संसार. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, नदीच्या वरच्या अंगाला आंब्याचा पाडा म्हणून वीसबावीस घरं होती. त्यांतलं टोकाचं, कारवीच्या कुडाचं घर त्यांचं.

तीन दिवस पाड्यानं रान पालथं घातलं. माणसं कड्याखाली उतरली, डोहात बांबू घालून आली, वाघानं काही ओढून नेल्याची खूण दिसते का तेही बघून आली. शेजारचा बाळ्या पार मोखाड्याच्या बाजारापर्यंत जाऊन आला. पोश्याची बहीण जिजा तिकडं दिलेली होती. बाजारात भेटली तेव्हा तिनंही हिरी इकडं आली नाही म्हणून सांगितलं. सापडली ती फक्त हिरीची चुंबळ, जुन्या लुगड्याची, सुकरीनंच वळून दिलेली. ती नदीकाठी पडली होती. पुलाचं काम चाललं होतं, तिथून वीस पावलांवर.

जव्हार संस्थानात त्या सालात हा रस्ता रुंद करायला घेतला होता आणि नदीवर दगडी कमानींचा पूल व्हायचा होता. ठेकेदारानं घाटावरून वडारी आणले होते. त्यांच्या राहुट्या नदीपलीकडच्या माळावर होत्या. ते आपसात काय बोलत ते पाड्यावर कुणाला कळत नसे. दिवसभर त्यांच्या घणांचा आवाज डोंगरात घुमायचा.

चौथ्या दिवशी माणसं पोश्याच्या अंगणात बसली होती. बाळ्या म्हणाला, "पुलाला माणूस लागतं. नदी उगाच अंगावर दगड घेत नाय. मधला खांब दोनदा खचला का नाय? आणि हिरी गेली त्या दिवसापासून नांगा, बघा कसा सरळ उभा राहिलाय."

खांब दोनदा खचला होता हे खरं होतं. आता तो उभा होता हेही खरं होतं. चुंबळ तिथंच सापडली होती. मग भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदूळ पसरले, बराच वेळ दाणे सरकवले आणि सांगितलं, "पोसी दगडाखाली आहे."

सुकरीनं तेव्हा जो हंबरडा फोडला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. पण त्या रडण्यातच तिच्या छातीवरचं काहीतरी सैल झालं. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती आणखी मोठ्यानं रडली.

बरं का वाटावं, ते फक्त तिला ठाऊक होतं. जव्हारच्या पलीकडचा एक बिजवर हिरीला सांगून आला होता. घरी दोन बैल, उतारावर नव्हे तर सपाटीला भातशेत; फक्त वय पोश्याच्या बरोबरीचं. हिरी नाही म्हणाली. त्या सकाळी पोश्या राबासाठी, पेरणीआधी शेतात जाळायला फांद्या तोडायला गेलेला, धाकट्या मुली पाण्याला, आणि मायलेकींत शब्दानं शब्द वाढला. सुकरीनं चुलीजवळचं लाकूड उचलून हिरीच्या पाठीत घातलं. आणि वर म्हणाली, "जा, नदीत जाऊन मर. मना परत तोंड दाखवू नको."

हिरीनं चुंबळ उचलली आणि गेली.

चार दिवस सुकरी बघत होती ती डोहाकडे. बांबू वर येईपर्यंत ती जागची हलायची नाही. आता भगतानं सांगितलं, पोरीला पुलानं घेतलं. म्हणजे नदीनं नव्हे. म्हणजे आपल्या शब्दानं नव्हे.

त्या दिवसापासून सुकरीएवढा त्या गोष्टीवर कुणीच विश्वास ठेवला नाही. बाळ्यानं सुद्धा नाही.

बाळ्याचं दुखणं वेगळं होतं. त्याचं सगळ्यांत चांगलं खाचर रस्त्यात गेलं होतं. एके दिवशी काही माणसं आली, खुंट्या ठोकून गेली, आणि पुढच्या महिन्यात तिथं खडी पडली. का, कुणी ठरवलं, कुणाला विचारायचं, त्याला कुणी काही सांगितलं नाही. तेव्हापासून तो बांधावर बसून त्या कामाकडे बघत राहायचा. जे लोक न सांगता जमीन घेतात ते न सांगता आणखी काय काय घेत असतील, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नसे. आता त्याला उत्तर मिळालं होतं, आणि ऐकायला अख्खा पाडा होता.

पाड्यावरच्या बाया रोज सुकरीकडे येऊन बसायच्या. कुणी नागलीची भाकर आणायची, कुणी नुसतीच पाठीवरून हात फिरवायची. त्या सकाळी घरात काय झालं, हे एकीनंही विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

पण सुकरी नुसती रडत बसणारी नव्हती. महिना होत आला तेव्हा ती पोश्याला म्हणाली, "मी कामाला जाते. पुलावर."

पोश्या फार बोलणारा माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "कशाला?"

"बघायला. त्यांनी तिला कोठं ठेवली ते मी काढणार. हाडं तरी आणीन."

ती गेली. मुकादमाला दगड वाहायला बाया हव्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून सुकरी डोक्यावर पाटी घेऊन नदीपात्रातून ये-जा करू लागली, आणि डोळे उघडे ठेवून बघू लागली.

बघणाऱ्याला दिसायला पुष्कळ होतं. मधल्या खांबाच्या पायथ्याशी दगडावर तांबूस डाग होता. चुन्याच्या घाणीजवळ एक मोठी कढई झाकून ठेवलेली असायची, आणि चुना दळताना तिच्यातलं तांबडं पाणी त्यात ओतायचे. ते पाणी फक्त म्हातारा गवंडीच ओतायचा. दुसऱ्या कुणाला तो झाकणाला हात लावू देत नसे. सुकरी संध्याकाळी घरी येऊन हे सांगायची आणि माणसं माना हलवायची. एकदा गवंडी जेवायला बसला असताना तिनं झाकण सरकवलं, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. पाणी गोड लागलं आणि मागून तुरट. गूळ आणि हिरडा. चुना घट्ट धरावा म्हणून त्यात घालतात ते.

ती पाटी घेऊन पुन्हा दगडांकडे गेली. नदी ओलांडेपर्यंत तिच्या मनानं वाट शोधली होती. गूळ मुद्दाम घातला असेल, कुणाला कळू नये म्हणून. तसंच तिनं बाळ्याला सांगितलं, आणि बाळ्या म्हणाला, "बघ, किती हुशार आहेत." डागाबद्दल एका मजुरानं सांगितलं, पायाभरणीला बोकड कापला होता, सगळ्यांनी मटण खाल्लं. तेही सुकरीनं फिरवून घेतलं. बोकड दाखवायला, खरं काय ते आधीच झालेलं. काही सापडलं तर ती खूण होती. काही सापडलं नाही तर लपवल्याची खूण होती.

तिच्याबरोबर पाट्या वाहणारी एक वडारीण होती, हणमव्वा नावाची. सुकरीच्याच वयाची, काळीसावळी, खांद्यानं भक्कम. तिला मोडकीतोडकी मराठी येत होती. पंधरा दिवस दोघी एकामागे एक चालल्या, पण हणमव्वा कधी जवळ बसली नाही. दुपारी सुकरी जांभळीच्या सावलीत टेकली की ती उठून उन्हात जाऊन बसायची. तिला दोन वर्षांची मुलगी होती. कामावर असताना त्या मुलीच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक ती राहुटीच्या खुंटीला बांधायची, आणि सुकरी त्या बाजूनं गेली की पाटी टाकून धावत यायची.

हे सुकरीच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं मनात नोंदवून ठेवलं. ही बाई मला भिते. का भिते? हिला सगळं ठाऊक असणार.

एके दुपारी तिनं हणमव्वाची वाट अडवली. "तू मना का भितेस? काय ठाऊक आहे तुना? सांग."

हणमव्वानं पाटी खाली ठेवली. आधी राहुटीकडे पाहिलं, मग सुकरीकडे. म्हणाली, "बाई, माझी पोरगी घेऊ नको."

"मी? मी कशाला घेऊ?"

"तुमच्या डोंगरात वाघाचा देव आहे. त्याला तुम्ही परक्याचं लेकरू देता. घाट उतरायच्या आधीच आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. म्हणून पोरगी बांधून ठेवते मी."

सुकरी बघतच राहिली. वाघदेवाच्या लाकडी फळीला शेंदूर लावायचा, दिवाळीत कोंबडं द्यायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती. लेकरू? "कुणी सांगलं तुना हे? कुणी बघलं?"

"सगळे सांगतात. आमच्यातली एक पोरगी गेली म्हणतात, मागं, दुसऱ्या कामावर."

"कुणाची?"

हणमव्वाला नाव सांगता आलं नाही. "आणि तुम्ही कोयते घेऊन वर बसून आमच्याकडे बघत असता," ती म्हणाली. "ते कशाला मग?"

कोयते सगळ्यांकडेच असत. कमरेला कोयता लावल्याशिवाय पाड्यावरचा माणूस रानात जात नसे. सुकरी हसली असती, पण हणमव्वा मागं सरकत राहुटीच्या वाटेत आडवी उभी राहिली होती. त्यात खोटं काही नव्हतं. ती बाई खरोखर भीत होती. न घडलेल्या गोष्टीला भीत होती, आणि तिच्याजवळ पुराव्याला वाघदेव होता, कोयते होते, बांधावर बसणारा बाळ्या होता, आणि हरवलेली एक पोर होती जिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी पोसी घेत नाय," सुकरी एवढंच म्हणाली. "माझीच गेली आहे."

"ठाऊक आहे," हणमव्वा म्हणाली. "आम्ही म्हणतो, तुमच्याच देवानं घेतली."

त्या दुपारी सुकरीनं उरलेल्या पाट्या वाहिल्या, पण कुठं दगड टाकला ते तिला आठवलं नाही.

पाड्यावर परतली तेव्हा बाळ्या नवी बातमी घेऊन आला होता. जामसरला एक मुलगा गेला, पुलासाठीच. म्हणजे दोन झाली. तिसरं कुणाचं ते बघत बसायचं का, असं तो विचारत होता. होळी झाली की एका रात्री वडाऱ्यांच्या राहुट्या पेटवायच्या आणि पहारींनी खांब पाडायचा, असं तरण्या माणसांत ठरत आलं होतं. पोश्याही मान खाली घालून त्यांच्यात बसला होता.

सुकरी दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. ती जामसरला गेली. तिथं तिच्या माहेरची रामी म्हणून बाई दिलेली होती. सुकरीनं तिला विचारलं, "तुमच्या इथला पोसा गेला तो कुणाचा? मना त्याच्या आयसला भेटायचं आहे."

"आमच्या इथला?" रामी म्हणाली. "आमच्या इथला कुणी गेला नाय. तुमच्या तिकडलाच गेला ना? आंब्याच्या पाड्याचा पोऱ्या, लाकडाला गेलेला. त्याची चुंबळ सापडली नदीवर."

सुकरी तिच्या ओट्यावर बसली. रामीनं पाणी दिलं ते तिनं हातात नुसतंच धरून ठेवलं. तिचीच हिरी जामसरपर्यंत चालत गेली होती, वाटेत मुलगा झाली होती आणि परत पाड्यावर येऊन दुसरी झाली होती.

परतीची वाट चार कोसांची होती. त्या वाटेवर सुकरीला पहिल्यांदा त्या सकाळकडे नीट बघावं लागलं, कारण आता मध्ये काही उरलं नव्हतं. पूल बाजूला केला की समोर तीच होती, हातात लाकूड घेतलेली. डोहात असेल तर डोहात, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण आता मी खरंच शोधणार.

संध्याकाळच्या उन्हात माणसं नेहमीसारखी अंगणात जमली होती. सुकरी त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं आधी जामसरचं सांगितलं. मग म्हणाली, "आणि एक मी सांगलं नाय. त्या दिवशी मी हिरीला मारलं होतं. पाठीत लाकूड घातलं. नदीत जाऊन मर म्हटलं."

पोश्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिला. तो तिला मारेल असं दोघातिघांना वाटलं असेल. तो उठला, घरात गेला आणि आतच राहिला.

बाळ्या म्हणाला, "सुकरे, तुना त्या वडारणीनं काही चारलं. पोरीचा जीव गेला आणि तू त्यांची बाजू घेतेस?"

"बाजू कुणाची नाय. मना एक सांग. तू जिजाला भेटलास तेव्हा ती काय म्हणाली? होतं तसं सांग."

"म्हणाली, इकडं नाय आली."

"आणि मग?"

"मग काय? मिठाची पुडी बांधून घेतली आणि गेली."

"कधीपासून नाय, कुठं गेली, काय झालं, हे विचारलं नाय?"

बाळ्या आठवू लागला. "नाय."

जिजानं हिरीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. हिरीला ताप आला की ती दोन डोंगर ओलांडून यायची. भाची हरवली हे ऐकून ती मिठाची पुडी बांधून घरी जाईल, हे पाड्यावरच्या कुणालाही पटण्यासारखं नव्हतं. सुकरी म्हणाली, "मी उद्या मोखाड्याला जाते. मी येईपर्यंत कुणी खाली उतरायचं नाय. बाजाराच्या दिवसापर्यंत मी आले नाय तर तुमचं तुम्ही बघा."

तरणे लोक कुरकुरले, पण आईचा शब्द मोडायला कुणी धजलं नाही.

पहाटे ती निघाली तेव्हा पोश्या बाहेर येऊन उभा होता. त्यानं तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. "जिजाला म्हणावं, मी तिच्याशी भांडणार नाय," तो म्हणाला.

मोखाडा तेव्हा इंग्रजी मुलखात होता. वाटेत हद्दीचा दगड लागायचा. दोन्ही बाजूंना तेच डोंगर, तेच साग, त्याच काळ्या पडलेल्या राबाच्या जागा. सुकरी कुठंही बसली नाही. जिजाच्या घरी पोचली तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. जिजा अंगणात नागली पाखडत होती. भावजयीला बघून तिच्या हातातलं सूप थांबलं.

"जिजा," सुकरी म्हणाली, "जिती आहे का, एवढं सांग. बाकी काही विचारत नाय."

जिजानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "जिती आहे, वयनी."

सुकरी अंगणातच खाली बसली. रडू आलं नाही. दोन्ही हातांनी तिनं जमीन दाबून धरली होती.

हिरी पलीकडच्या पाड्यावर होती, नवसू नावाच्या मुलाच्या घरी. आदल्या साली बोहाड्याच्या जत्रेत मुखवट्यांची सोंगं बघायला गेली तेव्हा दोघांची ओळख झाली होती. त्या सकाळी ती नदी उतरली, चुंबळ टाकली आणि सरळ आत्याकडे आली. पाठीवर वळ होता. कुणी विचारलं तर सांगायचं नाही, अशी शपथ तिनं जिजाला घातली होती. जिजानं ती पाळली. पाड्यावर पुलाची गोष्ट उठली आहे, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

जिजानं हिरीला बोलावून आणलं. ती कुडाच्या आडोशाला उभी राहिली, पुढं आली नाही.

"मी परत येणार नाय," ती म्हणाली.

"नको येऊ. त्या बिजवराला मी सांगून टाकीन. पण एकदा चल. पुलावर उभी राहा, सगळ्यांना दिस, आणि परत इकडं ये."

"पुलावर कशाला?"

सुकरीनं सगळं सांगितलं. आपण पंधरा दिवस तिची हाडं शोधत होतो हेही सांगितलं. राहुट्या पेटणार आहेत, त्यात एक दोन वर्षांची पोर पायाला दोरी बांधलेली असते, हेही सांगितलं. हिरी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू मर म्हटलंस ना मना."

"म्हटलं."

"मग मेले असं समजून राहायचं होतं."

"राहवलं नाय मना," सुकरी म्हणाली. "आणि तो शब्द परत घेता येत नाय. माफ कर असंही म्हणत नाय. तू चल."

हिरी आली. नवसू आणि जिजाही आले. बाजाराच्या आदल्या दिवशी, भर दुपारी ती चौघं नदीवर पोचली. पुलाची पहिली कमान बांधून झाली होती. सुकरीनं हिरीला त्या कमानीवर उभं केलं आणि वर पाड्याकडे तोंड करून हाक दिली.

माणसं उतरली. आधी कुणी जवळ येईना. काळी म्हणून एक म्हातारी होती, ती पुढं आली आणि हिरीचे पाय बघितले, उलटे आहेत का ते. मग तिची हनुवटी धरून डावीउजवीकडे वळवली. "हिरीच आहे," म्हातारी म्हणाली. घण थांबले होते. वडारी पलीकडच्या काठावर उभे राहून बघत होते. हणमव्वाच्या कडेवर तिची मुलगी होती.

पोश्या मागून आला. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

बाळ्या काठावरच थांबला होता. तिथूनच तो म्हणाला, "ही नाय, तर मग कुणाला घातलं खाली? खांब उभा राहिला तो कुणावर?" दोघातिघांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत असंही ऐकू आलं, की हिरीला धरलं होतं पण सुकरीनं वडाऱ्यांना गाठून सोडवली, आणि तिच्या बदली कुण्या परमुलखातल्याला घातलं. सुकरीनं पहिले काही दिवस वाद घातला. मग तिच्या ध्यानात आलं, की मुलगी समोर उभी करूनही जो समज हलत नाही तो मुलीबद्दलचा नाहीच. तिचा स्वतःचाही तसाच होता. राहुट्या मात्र कुणी पेटवल्या नाहीत. होळी आली आणि गेली.

हणमव्वानं मुलीच्या पायाची दोरी लगेच सोडली नाही. चैत्र निघाला तेव्हा सोडली. पावसाच्या आधी पूल झाला आणि वडारी घाट चढून गेले.

बाळ्या पुलावरून कधी गेला नाही. पाण्यातूनच उतरायचा. पोरं त्याला हसायची, सुकरी हसत नसे. दसऱ्यानंतर ती एकदा त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "तुझं खाचर का घेतलं, ते तू कुणाला विचारलंस का?"

"विचारून कोण सांगतं?"

"चल तर. बघू."

तिनं त्याला जव्हारच्या कचेरीत नेलं. पहिल्या दिवशी शिपायानं दारातून परतवून लावलं. दुसऱ्या दिवशी कारकुनाला वेळ नव्हता. सुकरी पायरीवर बसून राहिली, बाळ्या उठू लागला की त्याला हातानं खाली बसवायची. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कारकुनानं नकाशा उलगडला, बोट ठेवून दाखवलं, की वरच्या अंगाला कातळ होता म्हणून रस्ता खालून घेतला. बाळ्यानं तो कागद वाचता येत नसूनही बराच वेळ बघितला. त्याच्या नावानं अर्ज लिहून घेतला गेला आणि दुसऱ्या साली नदीच्या अंगाला त्याला एक तुकडा मिळाला, गेला त्यापेक्षा लहान. त्यानंतर तो पुलाबद्दल पूर्वीइतका बोलत नसे. पाण्यातून मात्र उतरतच राहिला.

पुढं पाड्यावर काही उठलं, की तापाची पुडी माणसं मारायला देतात, की घरं मोजून नेतात ती माणसं पकडायला, तर बाया सुकरीकडे यायच्या. ती आधी विचारायची, कुणी बघितलं त्याचं नाव सांग. नाव मिळालं तर त्याच्याकडे जायची, कितीही कोस असो. कधी गोष्ट खोटी निघायची, एकदोनदा खरीही निघाली. तेव्हा तिनं तेही तसंच येऊन सांगितलं.

हिरी आणि नवसूचं लग्न, पूल झाला त्याच सालच्या वैशाखात, मोखाड्याकडेच लागलं. पोश्या गेला, नाचलाही. हिरी सणाला माहेरी यायची, पण जेवून उजेडातच परत निघायची. त्या घरात झोपायची नाही. सुकरीनं तिला एकदाही राहा म्हटलं नाही. तिच्यासाठी अंथरूण मात्र दर वेळी झटकून ठेवायची. तिसऱ्या साली हिरी तान्ही मुलगी घेऊन आली. ऊन कलल्यावर नवसू निघायला उठला, तेव्हा ती चुलीजवळ बसून मुलीला पाजत होती.

"तू जा," ती त्याला म्हणाली. "मी चार दिवस राहते."